मोठ्या आवाजाच्या गुरुनाथचा शांत माळ

गुरुनाथ जन्मला तेव्हा चांगला कळवळून रडला, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही, असं त्याची आई सांगायची. कसं जाणार? पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालू. बार्शीत त्यांचं घर म्हणजे रस्त्याच्या अंगाला गिरणी आणि तिच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्यांचा संसार. सकाळी एकदा पट्टा चढला की जी घरघर सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. मांडणीवरची भांडी आपली आपण थरथरायची. त्या घरात काही सांगायचं म्हणजे ओरडूनच. जेवायला या, ओरडून. पाणी तापलंय, ओरडून. पोराला मांडीवर घेऊन गुणाचं माझं बाळ म्हणायचं, तर तेही ओरडून.

तर त्या घरात जे पोर वाढलं त्याचा आवाज कसा असणार ते तुम्हीच बघा. रागाचा नाही हं. मनानं अगदी लोण्यासारखा माणूस. पण तोंड उघडलं की समोरच्यानं एक पाऊल मागं घ्यावं.

वीणाला बघायला नागपूरला गेला तेव्हाची गोष्ट. वीणा त्याच्या अगदी उलटी, इतकं हळू बोलणारी की ऐकणाऱ्यानं मान पुढं करावी. तिनं पोहे आणून ठेवले. गुरुनाथनं एक घास खाल्ला आणि भिडेखातर म्हणाला, "पोहे छान झालेत." तर पलीकडच्या घरातली बाई खिडकीतनं म्हणते, "कुणाकडं झालेत हो?" वीणाचे वडील नंतर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. आणि पोरीची खुशाली विचारायला फोनचा खर्च नको. तो बार्शीतनं बोलला तरी आपल्याला इथं ऐकू येईल."

लग्न झालं. पुण्यात कारखान्यात लागला, तिथं तापलेलं लोखंड ठोकायचं काम. म्हणजे गिरणी बरी म्हणायची वेळ. मग अमेरिकेत आला, मिनेसोटात ईडन प्रेरीला घर केलं, आणि नोकरी कुठली? तर मोठमोठे पंखे बनवायच्या कारखान्यात. एकेक पंखा घराएवढा. तो चालवून बघायचा, त्याची घरघर ऐकायची आणि कुठं खरखरतंय ते सांगायचं, हे याचं काम. वीणा शाळेच्या लायब्ररीत. तिला आणायला गेला की बाहेर बर्फात उभा राहायचा बिचारा, कारण पहिल्याच दिवशी आत जाऊन "वीणा, झालं का गं?" म्हणाला होता, आणि सगळ्या पोरांनी पुस्तकातनं माना वर काढल्या होत्या.

अशी सगळी उमर आवाजात गेली. त्याला त्याचं काही वाटायचंही नाही. माशाला पाण्याचं काय वाटणार?

नोकरी संपली त्याच हिवाळ्यात दोघं आयडाहोत कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते. वाटेत बर्फानं रस्ता बंद झाला. लार्च क्रीक म्हणून एक लहानसं गाव, चारी अंगांनी डोंगर. तिथं मार्ज नावाची एक म्हातारी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. तिच्याकडं मुक्काम पडला. सकाळी मार्ज म्हणाली, रस्ता उघडेपर्यंत काय करणार, हे बर्फात चालायचे जाळीचे बूट घ्या आणि वर जाऊन या.

गेले दोघं. झाडीतनं वाट चढत गेली आणि वर एकदम मोकळं झालं. सपाट, पांढरंशुभ्र, मागं उंच कडा. गुरुनाथ मधोमध जाऊन थांबला. बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "वीणा, मला काही ऐकू येईना."

वीणाच्या मनात आलं, झालं! इतक्या वर्षांचे पंखे, गेले वाटतं कान. ती जवळ जाऊन म्हणाली, "अहो, मी बोलतेय ते ऐकू येतंय का?"

"येतंय की! सगळं ऐकू येतंय." त्याचे डोळे भरून आले होते. "ऐकायला काही नाहीच आहे गं इथं."

खरंच नव्हतं. वारा नाही, पाखरू नाही. बर्फ पडत होता आणि बर्फ पडताना आवाज होत नाही. सत्तरीला आलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचा श्वास ऐकला.

मग काय, वर्षाच्या आत ईडन प्रेरीचं घर विकलं आणि लार्च क्रीकमध्ये मार्जच्या शेजारी लाकडाचं घर घेतलं. त्या मोकळ्या जागेला गुरुनाथनं माळ म्हणायला सुरुवात केली, बार्शीच्या माळासारखा माळ. मार्जसुद्धा "माल, माल" म्हणायला लागली. रोज सकाळी दोघं थर्मासमध्ये चहा घेऊन माळावर जायची, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसायची, चहा प्यायची आणि खाली यायची. एवढंच. याच्यापेक्षा जास्त सुख त्याला नको होतं.

त्यांचा मुलगा केदार राहतो अल्फारेटाला, तिकडं जॉर्जियात. त्याचं चालूच, "बाबा, इकडं या. इथं मराठी मंडळ आहे, गणपती आहे, अनयाला आजी-आजोबा मिळतील. तिथं त्या बर्फात आहे काय?"

"काही नाही!" गुरुनाथ फोनवर ओरडायचा. "तेच तर आहे इथं!"

नात अनया मागनं म्हणायची, "आबा, यू आर ऑन स्पीकर. प्लीज, इन्साइड व्हॉइस." म्हणजे घरात बोलतात तसं हळू.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात हेलिकॉप्टर आलं.

झालं असं की एका कंपनीनं त्या डोंगरात धंदा काढला. पैसेवाल्या लोकांना हेलिकॉप्टरनं शिखरावर सोडायचं. ते लोक पायाला लांब पट्ट्या बांधून, जिथं कुणी गेलेलं नाही अशा कोऱ्या बर्फावरनं घसरत खाली येणार. खाली आले की हेलिकॉप्टर त्यांना उचलणार, परत वर. दिवसभर हेच. पहिल्यांदा तो आवाज कड्यामागनं आला तेव्हा गुरुनाथ ओंडक्यावर बसला होता. हातातला कप तसाच राहिला.

"वीणा," तो म्हणाला, "पट्टा चढला बघ."

गिरणीच ती. फक्त आभाळात. दऱ्यांतनं असा घुमायचा तो आवाज की कुठनं येतोय तेच कळायचं नाही. कड्यावर पांढऱ्या रानबकऱ्या असतात. हिवाळ्यात खायला काही नसतं, म्हणून त्या बिचाऱ्या हलतसुद्धा नाहीत, अंगातली चरबी पुरवून पुरवून दिवस काढतात. हेलिकॉप्टर आलं की जीव घेऊन पळायच्या. मार्ज दुर्बिणीतनं बघायची आणि शिव्या घालायची. आणि गुरुनाथचा आवाज जो जरा खाली आला होता, तो परत गिरणीच्या पट्टीत गेला. घरात मीठ मागायचं तरी ओरडून.

वीणा एक दिवस म्हणाली, "अहो, हेच ऐकायचं असेल तर आपण नातीजवळ का नको? तिथं निदान गाड्यांच्या आवाजाबरोबर अनया तरी आहे. पाडव्यापर्यंत बघू. नाही थांबलं, तर केदारला हो म्हणू."

 तिचं खोटं नव्हतं.

गावानं विरोध करायचं ठरवलं, मार्ज सगळ्यांत पुढं. तो डोंगर सरकारी जंगल खात्याचा, त्यांच्या परवानगीवर सगळं. हिवाळ्याच्या सुरुवातीला गावच्या हॉलमध्ये एक मीटिंग झाली. जंगल खात्याची ऑफिसरबाई होती, कंपनीचा मालक ब्रेंट होता. ब्रेंट गोड बोलणारा, दात पांढरेशुभ्र. म्हणाला, आमचं हेलिकॉप्टर कड्याच्या पलीकडं उतरतं. तुमच्या बाजूला, त्या माळावर तर कधीच नाही, उतरणारही नाही.

मार्ज म्हणाली, "मग माळावर घसरल्याच्या रेघा कुणाच्या दिसतात?"

"कुणी चालत चढून आले असतील. कोऱ्या बर्फावर काय, कुणीही येतं."

तेव्हा गुरुनाथ उठला. "आम्हाला शांतता पाहिजे!" असा म्हणाला की खिडकीच्या काचा हलल्या.

ब्रेंट हसून ऑफिसरबाईला म्हणाला, "आवाजाचाच प्रश्न असेल मॅडम, तर आधी या साहेबांना परवाना लावा." सगळा हॉल हसला. गुरुनाथ पण हसला, पण खाली बसताना कान लाल झाले होते त्याचे. नंतर चार दिवस मार्ज त्याला "ए लाउडस्पीकर" म्हणून हाक मारायची.

गावात सगळेच काही विरोधात नव्हते हं. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक मिळत होतं. आणि ते हेलिकॉप्टर चालवायची केसी नावाची पोरगी. उन्हाळ्यात जंगलाला आग लागली तेव्हा तिनंच वरनं पाणी ओतून गाव वाचवलं होतं. तिला वाईट कोण म्हणणार?

असा पाडवा आला. मार्च महिना, पण बर्फ कंबरभर. दर वर्षी गुढी ओट्यावर उभी राहायची. या वेळी छपरावरचा बर्फ घसरून ओटा पार गाडला गेला होता. गुरुनाथ म्हणाला, "गुढी माळावर उभारू. हा इथला शेवटचा पाडवा असला तर असला. तिथंच होऊ दे."

तिथं कळक कुठला मिळायला? छपरावरचा बर्फ ओढायला एक लांबलचक दांडा असतो, पुढं फावडं लावलेला. त्याचं फावडं काढलं आणि दांडा खांद्यावर घेतला. वीणानं तिचं जुनं केशरी रेशमी पातळ काढलं, लग्नातलं. तांब्याचा गडू घेतला. साखरेच्या गाठी केदारनं पाठवल्या होत्या. कडुलिंबाची पानं वाळवलेली होती, ती गूळ-ओवा घालून वाटली, पण गुढीला डहाळी कुठली आणणार, म्हणून देवदारासारख्या झाडाची हिरवी फांदी तोडली. देव काय, समजून घेतो.

माळाच्या बरोबर मधोमध बर्फ पायानं घट्ट दाबून गुढी उभी केली. पांढऱ्या बर्फावर हळद-कुंकू काय खुललं म्हणून सांगू! आभाळ त्या दिवशी दुधासारखं, खालीही पांढरं, वरही पांढरं, आणि मध्ये ते केशरी पातळ. नमस्कार केला, नैवेद्य दाखवला आणि दोघं जाऊन झाडाखाली ओंडक्यावर चहा प्यायला बसली. इतकं शांत होतं की रेशमाची सळसळ तिथवर ऐकू येत होती.

आणि पट्टा चढला.

आवाज कड्यामागं होता, मग कड्यावर आला, मग, अरे, खालीच यायला लागला! गुरुनाथ उठला, धावला. त्या बुटांनी कसलं धावतोय! दोन्ही हात वर करून ओरडला, "अहो! थांबा! गुढी आहे ती!" पण झाडीच्या काठावरचा माणूस वरनं काय दिसणार? आणि ऐकू तर कुणाला जाणार? जन्मला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच गुरुनाथचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचला नाही. स्वतःच्याही नाही.

हेलिकॉप्टर गुढीच्या शेजारीच टेकलं. असा वारा सुटला की सगळा माळ उठून आभाळात गेला. बर्फ खाली बसला तेव्हा गुढी नव्हती. दांडा आडवा. गडू घरंगळत लांब. गाठी कुठं गेल्या त्या गेल्या. आणि पातळ एका उंच झाडाच्या शेंड्याला जाऊन अडकलेलं, जणू झाडालाच नेसवलंय.

पंखा थांबला. केसी खाली उतरली. हेलिकॉप्टर रिकामंच होतं. झाडाकडं बघून म्हणाली, "ते काय आहे?"

"माझी बायको!" गुरुनाथ ओरडला. "म्हणजे बायकोचं पातळ! आमचं नवीन वर्ष आहे आज! तू आमच्या नवीन वर्षावर उतरलीस!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी मिस्टर गुरू, सॉरी, मला केशरी फडकं दिसलं आणि..." पुढं बोलणार तेवढ्यात कड्याच्या बाजूनं पाच-सहा लोक घसरत घसरत खाली आले. रंगीबेरंगी कपडे, दाढ्यांना बर्फ लागलेला. पुढं त्यांचा वाटाड्या पोरगा, पाठीवर काठी बांधलेली. सगळे येऊन हेलिकॉप्टर आणि हा ओरडणारा म्हातारा बघत उभे राहिले.

आता वीणा काय करते बघा. तिनं डबा उघडला. पाडव्याच्या दिवशी नैवेद्यापाशी आलेलं माणूस तसंच पाठवायचं नसतं, हे तिच्या हाडात. ती प्रत्येकाच्या हातावर कडुलिंबाची गोळी ठेवत गेली. "आधी हे खा. वर्षाची सुरुवात याच्यानं करायची." खाल्ली त्यांनी. काय ती तोंडं झाली! एक दाढीवाला डोळे मिटून म्हणाला, "आम्ही उतरल्याची शिक्षा आहे का ही?" वीणा म्हणाली, "नाही, औषध आहे." मग श्रीखंड दिलं. ते मात्र चाटूनपुसून खाल्लं. केसीनं दोनदा घेतलं.

ते सगळे उडून गेले. पातळ झाडावरच राहिलं.

घरी येऊन गुरुनाथला वाटलं, झालं ते झालं. पण ब्रेंट गावभर सांगत सुटला की कुणीतरी मुद्दाम आमच्या खुणेच्या रंगाचं फडकं माळावर लावलं. झालं काय होतं, ढगाळ दिवशी वरनं जमीन कळत नाही, म्हणून हे लोक बर्फात काठीला केशरी फडकं लावून ठेवतात, त्याच्या अंदाजानं हेलिकॉप्टर उतरवतात. तर ब्रेंटचं म्हणणं, म्हाताऱ्यानं सापळा लावला, माझ्या पायलटचा जीव गेला असता. आम्ही त्या माळावर कधी उतरत नाही, याच्या फडक्यानं फसून त्या एका दिवशी उतरलो. पुढच्या मीटिंगला हे सांगणार.

मार्जसुद्धा रागावली. "गुरू, काय केलंस हे! आता आपलं कोण ऐकणार?"

ते त्याला फार लागलं. सापळा? त्यानं जन्मात कधी उंदराला लावला नव्हता. त्या पोरीला खरंच काही झालं असतं तर, हे डोक्यातनं जाईना. माळावर जाणं सोडलं. आणि बोलणं सोडलं. चहा पाहिजे का, तर मान हलवायची. वीणाला घर खायला उठलं. इतकी वर्षं हळू बोला, हळू बोला म्हणून मागं लागली होती, आता बोलत नाही तर हिला घशाखाली घास उतरेना. केदारचा फोन आला तेव्हा गुरुनाथ हळू आवाजात म्हणाला, "बघ तिकडं घर." केदार घाबरला. आईला विचारतो, "बाबांना बरं नाहीये का?"

मीटिंगच्या दिवशी दुपारी वीणा तो तांब्याचा गडू चिंचेनं घासत होती. पोचे आले होते त्याला. घासता घासता थांबली.

"अहो, तो वाटाड्या पोरगा पाठीवर काय घेऊन आला होता?"

"काठी," गुरुनाथ म्हणाला. खूप दिवसांनी एवढं बोलला.

"नुसती काठी?"

गुरुनाथनं आठवलं. त्याचे डोळे मोठे झाले. "वीणा! केशरी फडकं होतं गं गुंडाळलेलं!" हे मात्र असं म्हणाला की शेजारी मार्जची कुत्री भुंकायला लागली. वीणाला इतकं बरं वाटलं ते भुंकणं!

"मीटिंगला तूच सांग हे," तो म्हणाला.

"मी? माझं कोण ऐकणार? तुम्ही सांगा की."

"माझं सगळे ऐकतात," गुरुनाथ म्हणाला, "पण ऐकून हसतात."

हॉल गच्च भरला होता. ब्रेंटनं सापळ्याची गोष्ट रंगवून सांगितली. मग गुरुनाथ उठला. लोकांनी कान झाकायचं नाटक केलं. पण तो सरळ मागं बसलेल्या केसीकडं बघून बोलला, "पोरी, चूक माझी. ते फडकं नव्हतं, आमचं नवीन वर्ष होतं. पण तुला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं." आणि खाली बसला. कुणी हसलं नाही.

मग वीणा उठली. ती बोलायला लागली, आणि तिचा आवाज म्हणजे तुम्हाला सांगितलाच. पहिल्या रांगेलाच जेमतेम. मागच्यांनी एकमेकांना गप्प केलं. हॉटेलवाल्यानं कॉफीचं मशीन बंद केलं. मार्जनं खोकला दाबला. त्या हॉलमध्ये इतकी शांतता कधी झाली नसेल.

"माझं पातळ यांच्या पायलटला स्वतःचं फडकं वाटलं," वीणा म्हणाली. "रंग सारखा होता, वाटणारच. पण माळावर हे कधी उतरतच नाहीत, असं हे म्हणतात. मग त्यांचं फडकं माळावर असेल असं तिला वाटलंच का?"

ब्रेंट म्हणाला, "ढगाळ होतं, गोंधळ झाला."

"बरं. पण ती रिकामं हेलिकॉप्टर घेऊन आली. मागनं लोक घसरत माळावरच आले, दुसरीकडं नाही. आणि त्यांच्या पुढच्या पोराच्या पाठीवर एक काठी होती, तिला केशरी फडकं गुंडाळलेलं. ते तो कुठं लावायला घेऊन येत होता?"

ब्रेंटनं पाण्याचा घोट घेतला. ऑफिसरबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग मागं केसीकडं.

केसी उठली. तिला नोकरी होती, पोटाचा प्रश्न होता. पण पोरगी खरी. म्हणाली, "माळावरच. पोरगा आधी खाली येतो, काठी लावतो, मी उचलायला येते. जाताना काठी काढून नेतो. म्हातारा-म्हातारी चहा पिऊन खाली गेली की आम्ही येतो. पूर्ण हिवाळा तसंच चाललंय. त्या दिवशी ती अजून तिथंच बसली होती, आणि काठी आधीच उभी दिसली, म्हणून मी उतरले." आणि मग वीणाकडं बघून, "त्यांच्या हातचं खाल्लंय मी. मला खोटं बोलता येणार नाही."

मार्ज खुर्चीवर उभी राहायला निघाली होती, तिला दोघांनी धरून बसवलं.

निकाल काही त्याच दिवशी लागला नाही. सरकारी काम ते. उन्हाळ्यात कळलं. कंपनी बंद नाही झाली, पण कड्याच्या अलीकडं उडायचं नाही, उतरायचं नाही, रानबकऱ्यांच्या बाजूला फिरकायचं नाही. पार दुसऱ्या डोंगररांगेच्या पलीकडं जायचं. मार्ज म्हणाली हे अर्धंच झालं. गुरुनाथ म्हणाला, भाकरी अर्धी असली तरी गरम आहे. केदारला फोन करून सांगितलं, घर नको बघू. केदारनं फोन कानापासून लांब धरला, आणि म्हणतो कसा, "बाबा, तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं."

केसीनं ती नोकरी सोडली. आता आगीच्या कामावरच असते, आणि हिवाळ्यात गावातल्या पोरांना बर्फात चालायला शिकवते. तिच्या पोटापाण्याचं नीट झालं, म्हणून वीणाच्या जिवाला शांत वाटलं.

पुढच्या पाडव्याला गुढी परत माळावर. पहिलं पातळ त्या झाडावरच आहे अजून, ऊन-पावसानं विटलं, पण एका पाखरानं त्याचे धागे ओढून घरटं केलंय म्हणे, म्हणून कुणी काढत नाही. वीणानं दुसरं दिलं, हिरवं. केशरी नको म्हणाली, उगाच कुणाला बोलावणं जायला. पोचे आलेला तोच गडू वर पालथा घातला. केदार सगळ्यांना घेऊन आला होता. मार्ज आली, केसी पायी चढून आली आणि आल्या आल्या स्वतःच हात पुढं करून कडुलिंबाची गोळी मागितली.

नैवेद्य झाला. सगळी ओंडक्यावर दाटीवाटीनं बसली. कुणी काही बोलेना. कड्यावर बकऱ्या उभ्या होत्या, हलत नव्हत्या. आभाळात काही नाही. अनयानंसुद्धा फोन खिशात टाकला. रेशीम सळसळत होतं तेवढंच.

गुरुनाथनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आनंद त्याच्या पोटात मावेना.

"वीणा!" तो म्हणाला. "केवढं शांत आहे गं!"

वरच्या फांदीवरचा सगळा बर्फ धपकन मार्जच्या डोक्यावर पडला. कड्यावरच्या बकऱ्यांनी माना वळवल्या.

वीणानं त्याच्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, "होतं."